भिंत इथे, चित्र तिथे

स्पेनच्या ईशान्येला, पिरेनीज पर्वताच्या कुशीत बोई नावाचं खोरं आहे. त्या खोऱ्यात समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटर उंचीवर ताउल हे गाव वसलंय. गाव एवढंसं, पण मध्ययुगात इथे दगडी चर्चं बांधली गेली. त्यांतलं गावाच्या खालच्या अंगाला असलेलं सान्त क्लिमेंतचं चर्च युरोपच्या कलेच्या इतिहासाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडतं. पुस्तकात छायाचित्र असतं ते चर्चमधल्या एका भित्तिचित्राचं: मोठे, रोखून पाहणारे डोळे असलेला, सिंहासनावर बसलेला ख्रिस्त. हे चित्र पाहायला माणूस ताउलला गेला, तर त्याला ते तिथे भेटत नाही. ते सुमारे पावणेतीनशे किलोमीटर दूर, बार्सेलोनाच्या कॅटलान राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. भिंत गावात राहिली आणि चित्र शहरात गेलं.

भिंतीवरचं चित्र भिंतीपासून वेगळं करता येतं, हे ऐकताना विचित्र वाटतं. चौकट लावलेलं चित्र खुंटीवरून काढावं तसं हे काम नाही. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर आधी चर्च कसं उभं राहिलं आणि चित्र भिंतीत कसं बसलं, हे पाहावं लागतं.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला हे खोरं एरिल घराण्याच्या सरदारांच्या ताब्यात होतं. आरागॉनचा राजा पहिला आल्फोन्सो दक्षिणेकडे मोहिमा काढत होता. 1118 मध्ये त्याने सारागोसा जिंकून घेतलं. या लढायांत एरिलचे सरदार त्याच्या बाजूने होते. मोहिमांतून आलेला पैसा या दुर्गम खोऱ्यातल्या चर्चांच्या बांधकामात ओतला गेला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ते पटण्याजोगं आहे. गुरं आणि थोडीफार शेती यांवर जगणाऱ्या गावांनी आपल्या बळावर काही वर्षांत इतकी चर्चं उभी केली असतील, हे मानायला जड जातं.

बांधणीची रीत बाहेरून आली. इटलीच्या लोंबार्दी भागातले गवंडी आणि त्यांच्याकडून शिकलेले कारागीर अकराव्या शतकापासून या डोंगरांत काम करत होते. म्हणून या शैलीला लोंबार्द रोमनेस्क म्हणतात. खूण सोपी आहे. भिंतीच्या वरच्या कडेला छोट्या छोट्या बुजवलेल्या कमानींची रांग असते आणि तिच्यातून खाली उतरणाऱ्या, भिंतीतून किंचित पुढे आलेल्या उभ्या पट्ट्या असतात. ही नुसती नक्षी नव्हे. उन्हात या पट्ट्यांच्या सावल्या पडतात आणि सपाट दगडी भिंतीला उठाव येतो. दगड हातोडीने जेमतेम चौकोनी केलेले. घोटीव शिल्पकाम इथे जवळजवळ नाहीच. कोरीव दगडाची उणीव आतल्या रंगाने भरून काढली जायची.

आत शिरलं की मधे एक रुंद दालन आणि दोन बाजूंना दोन अरुंद दालनं दिसतात. त्यांना वेगळे करणारे खांब गोल आणि जाड आहेत, घडीव दगडांचे थर एकावर एक रचून केलेले. छप्पर लाकडी आहे आणि ते महत्त्वाचं आहे. त्या काळात बऱ्याच ठिकाणी दगडी घुमटी छत घालायला सुरुवात झाली होती. दगडी छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, त्यामुळे भिंती अवाढव्य कराव्या लागतात आणि खांब चौकोनी, बोजड होतात. लाकडी छप्पर हलकं, त्याचा भार सरळ खाली येतो. म्हणून इथे गोल खांबांवर भागलं आणि आतली जागा एकसंध, मोकळी राहिली. छपरावर पाटीच्या दगडाच्या चकत्या आहेत. उतार असा की बर्फ साचून न राहता घसरतं.

पूर्वेच्या टोकाला तीन अर्धगोल कोनाडे आहेत. एकेका दालनाला एक. मधला सर्वांत मोठा. याला ॲप्स म्हणतात. वेदी त्याच्यापुढे असते, पुरोहित तिथे उभा राहतो आणि भाविकांची तोंडं त्या दिशेला असतात. वरचा भाग पाव गोलासारखा आत वळलेला. चित्र रंगवायचं ते याच वळणावर. कोनाड्याच्या मधोमध छोटी खिडकी आहे. सकाळचा उजेड तिच्यातून थेट वेदीवर येतो.

बाहेरचा घंटेचा मनोरा चौकोनी आहे, पायथा आणि त्यावर सहा मजले. वर जाताना जुळ्या आणि तिहेरी कमानींच्या खिडक्या लागतात. उंचावर भिंत जितकी उघडी तितकं वजन कमी आणि घंटेचा आवाज तितका लांब जातो. खोऱ्यातल्या एरिल-ला-वालचा मनोरा इथून दिसतो. एका गावाची घंटा दुसऱ्या गावाला ऐकू जावी आणि एकाची नजर दुसऱ्यावर राहावी, हा उपयोग प्रार्थनेच्या उपयोगापेक्षा कमी नव्हता.

चर्च केव्हा पवित्र केलं गेलं याचा पुरावा चर्चमध्येच होता. आतल्या एका खांबावर लॅटिनमध्ये रंगवलेला लेख होता. त्यात म्हटलंय की ख्रिस्तजन्मापासून 1123 व्या वर्षी, 10 डिसेंबरला, बार्बास्त्रोचा बिशप रामोन आला, त्याने हे चर्च संत क्लिमेंतच्या नावे अर्पण केलं आणि वेदीत संत कॉर्नेलियसचे अवशेष ठेवले. दुसऱ्या दिवशी, 11 डिसेंबरला, त्याच बिशपने वरच्या अंगाचं सांता मारियाचं चर्च पवित्र केलं. डिसेंबरात या उंचीवर बर्फ असतं. एवढ्या थंडीत बिशपला इथवर आणण्याइतकं या सरदारांचं वजन होतं, हे त्या दोन तारखांवरून कळतं.

संत क्लिमेंत हा रोमचा सुरुवातीच्या काळातला बिशप, म्हणजे पोप. आख्यायिकेप्रमाणे त्याला नांगर बांधून समुद्रात बुडवलं गेलं. त्यामुळे त्याची खूण नांगर आणि तो खलाशांचा रक्षक. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात वसलेल्या मेंढपाळांनी त्याला का निवडलं, हा प्रश्न मला गमतीचा वाटतो. उत्तर बहुधा रोमशी नातं सांगण्यात असावं. त्या काळी रोमच्या पोपांचं वजन वाढत होतं आणि आरंभीच्या पोपांना मान देणं ही एक भूमिका होती.

आता चित्राकडे. इथे सगळा कारभार चुन्याचा आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. या विरलेल्या चुन्यात वाळू मिसळून गिलावा करतात. गिलावा भिंतीवर चढवला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगड भट्टीत मोडला आणि भिंतीवर परत जुळला. फ्रेस्को म्हणजे या परत जुळण्याच्या वेळेचा फायदा घेणं. ओल्या गिलाव्यावर फक्त पाण्यात कालवलेला रंग लावायचा. डिंक नको, सरस नको. चुना सुकताना पृष्ठभागावर पारदर्शक स्फटिकांची बारीक कातडी तयार होते आणि रंगाचे कण तिच्यात अडकून पडतात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचा भाग होतो. ओल्या फडक्याने पुसून तो जात नाही.

यात अडचण वेळेची. गिलावा ओला असेपर्यंतच हे जमतं. पुढच्या शतकांतल्या इटालियन चित्रकारांनी यावर उपाय काढला: एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढाच तुकडा गिलाव्याने भरायचा. बाराव्या शतकातले रोमनेस्क चित्रकार तसं करत नसत. ते मचाणाच्या एका पातळीएवढा मोठा आडवा पट्टा एकदम भरायचे. वरचा पट्टा आधी, मग मचाण खाली उतरवून पुढचा. दोरी आणि कंपासाने वर्तुळं आणि आडव्या रेषा आखायच्या, लाल किंवा गेरूच्या रंगाने आकृत्यांची बाह्यरेषा काढायची आणि मग मोठे सपाट भाग भरायचे. एवढा मोठा पट्टा संपेपर्यंत गिलावा सुकायला लागायचा. मग शेवटची कामं, वस्त्रांच्या चुण्या, चेहऱ्यावरच्या उजेडाच्या रेषा, अक्षरं, सुकत आलेल्या भिंतीवर चिकट द्रव्य मिसळलेल्या रंगाने व्हायची. ही वरची कामं भिंतीत मुरत नाहीत, म्हणून ती आधी झडतात. आज हे चित्र पाहताना काही भाग भक्कम आणि काही विरळ वाटतो, त्याचं एक कारण हे आहे.

रंगांवरही चुन्याचा धाक असतो. चुना तीव्र अल्कली आहे. पुष्कळसे वनस्पतिजन्य रंग त्यात टिकत नाहीत. म्हणून मातीतले, खनिजातले रंग: गेरू, पिवडी, कोळशाचा काळा आणि खुद्द चुन्याचा पांढरा. लखलखीत लालसाठी हिंगूळ. निळ्याची गोष्ट वेगळी. अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द सोन्याच्या मोलाचा, डोंगरातल्या चर्चला तो कुठून परवडायचा? पण पिरेनीजच्या दक्षिण उतारावर एरिनाइट नावाचं निळसर खनिज मिळतं. या भागातल्या रोमनेस्क चित्रांतला निळा बहुतेक त्याच्यापासून केलेला आहे. संग्रहालयात उभं राहून पाहणाऱ्याला तो निळा थोडा करडा, थोडा हिरवट भासतो. तो आसपासच्या खडकाचाच रंग आहे.

चित्रकाराचं नाव ठाऊक नाही. अभ्यासक त्याला ‘ताउलचा उस्ताद’ म्हणतात. त्याची करामत कोनाड्याच्या वळणात आहे. मधे बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत ख्रिस्त बसलाय. उजव्या हाताची दोन बोटं वर, डाव्या हातात उघडं पुस्तक. पुस्तकावर लॅटिन शब्द आहेत, अर्थ ‘मी जगाचा प्रकाश आहे’. दोन बाजूंना दिव्यांसारखी टांगलेली अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं. पाय एका छोट्या अर्धगोलावर टेकलेले. प्रभावळीच्या टोकाशी आणि कोनाड्याच्या कडांना पाय आणि हात जवळजवळ पोचलेले. सपाट छायाचित्रात ही आकृती ताठ आणि भूमितीत कोंबलेली वाटते. पण वळणावर, खालून पाहिल्यावर डोकं आणि खांदे पुढे झुकतात आणि वेदीपाशी उभ्या माणसाच्या अंगावर येतात. छायाचित्र पाहून या चित्राबद्दल मत बनवणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावं.

ख्रिस्ताभोवती चार शुभवर्तमानकारांच्या खुणा आहेत. देवदूत, गरुड, सिंह, बैल. खालच्या पट्टीत मारिया आणि प्रेषित. मारियाच्या हातात वस्त्राने झाकलेल्या तळव्यावर एक पात्र आहे आणि त्यातून लाल किरण निघतात. खिडकी याच पट्टीत आहे, म्हणजे खरा उजेडही चित्राच्या रचनेत धरलेला. समोरच्या कमानीच्या माथ्यावर एका वर्तुळातून देवाचा हात बाहेर येतो. दुसऱ्या वर्तुळात सात डोळ्यांचं कोकरू आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं. आणखी बाजूला, श्रीमंताच्या दारात पडलेला लाजरस आणि त्याच्या जखमा चाटणारा कुत्रा. हे कुत्र्याचं चित्र मला सगळ्यात आवडतं. सगळ्या गंभीर दिव्यतेत तोच एक गावातला प्राणी.

पुढच्या शतकांत चर्चची रुची बदलली. गॉथिक काळातला लाकडी चित्रफलक वेदीमागे उभा राहिला आणि कोनाड्याचा बराचसा भाग त्याच्याआड गेला. इतर चर्चांत भिंतींवर चुना फिरवून साफ पांढरं केलं गेलं. साथीच्या रोगांनंतर चुन्याची सफेदी हा स्वच्छतेचा साधा उपायही होता. गंमत अशी की ज्या चुन्याने चित्र भिंतीत धरून ठेवलं, त्यानेच वरून ते झाकून टाकलं आणि झाकल्यामुळे वाचवलंही. गावाने नवं चर्च बांधलं नाही, कारण गावाकडे पैसा नव्हता. खोऱ्याचं वैभव बाराव्या शतकातच आटोपलं होतं. श्रीमंत गावांनी जुनी चर्चं पाडून नवी बारोक चर्चं उभी केली. बोईच्या गरिबीने खोऱ्याचा वारसा राखला, हे कोणाला ऐकायला कठोर वाटेल, पण खरं आहे.

1907 च्या जूनमध्ये बार्सेलोनात कॅटलान अभ्याससंस्था स्थापन झाली. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी संस्थेने आरागॉनच्या सीमेवरच्या डोंगरांत एक मोहीम पाठवली. नेते होते वास्तुविशारद आणि इतिहासकार जुझेप पुच इ कादाफाल्क. बरोबर धर्मगुरू-संग्रहपाल गुदियोल, कायदेतज्ज्ञ ब्रोका, वास्तुविशारद गोदाय आणि छायाचित्रकार आदोल्फ मास. रस्ता नव्हता, खेचरं होती. ईशान्य स्पेनमधला कॅटलान समाज तेव्हा स्वतःची ओळख शोधत होता आणि मध्ययुग हे त्याच्या दृष्टीने स्वतःच्या राज्याचा, भाषेचा, कलेचा सुवर्णकाळ होता. त्यामुळे डोंगरातल्या या चित्रांना नुसतं कलामूल्य राहिलं नाही, राजकीय मूल्यही आलं. संस्थेने चित्रांच्या रंगीत प्रतिकृती करवून घेतल्या आणि भित्तिचित्रांवरचे सचित्र अंक छापायला सुरुवात केली. सद्हेतूने केलेल्या या प्रसिद्धीचा दुसरा परिणामही झाला. पुस्तकं व्यापाऱ्यांनीही वाचली.

पहिला धक्का ताउलमध्ये नव्हे, मुर या गावी बसला. तिथल्या सांता मारिया चर्चमधलं कोनाड्याचं चित्र 1919 मध्ये भिंतीवरून उतरवलं गेलं. इटलीतल्या बेर्गामोचा फ्रांको स्तेफानोनी आणि त्याचे साथीदार हे काम करत. बार्सेलोनाचा संग्राहक ल्युईस प्लान्दिउरा याने ते मिळवलं आणि अखेर 1921 मध्ये ते बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात पोचलं. आजही तिथेच आहे. त्यामागोमाग कळलं की एक व्यापारी बोई खोऱ्यातल्या चर्चांशीही सौदे करून बसला आहे. या व्यवहारांना रोखेल असा कायदा हाताशी नव्हता. बार्सेलोनाच्या संग्रहालय मंडळापुढे दोन वाटा होत्या. चित्रं भिंतीवर राहू द्यायची आणि रोज राखण करायची, किंवा आपणच काढून शहरात आणायची. मंडळाचे जुआकिम फोल्क इ तोर्रेस यांनी दुसरी वाट धरली. ज्या इटालियन कारागिरांनी मुरचं चित्र काढलं, त्यांनाच मंडळाने कामाला लावलं. 1919 ते 1923 या काळात सान्त क्लिमेंतसह अनेक चर्चांची चित्रं उतरवली गेली.

आता ते उतरवणं कसं होतं ते नीट पाहू. या रीतीला इटालियनमध्ये स्त्राप्पो म्हणतात, अर्थ ओरबाडणं. आधी चित्राचा पृष्ठभाग साफ करायचा. मग कढत पातळ सरस, म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला, लावून पातळ सुती कापडाचा थर चिकटवायचा. त्यावर दुसरा, जाड कापडाचा थर. कापड चित्राच्या प्रत्येक खळग्यात बसलं पाहिजे. मग वाळू द्यायचं. सरस वाळताना आकसतो, आणि त्या आकसण्यात एवढी ताकद असते की तो स्वतःला चिकटलेली वस्तू ओढून काढतो. फ्रेस्कोची वरची स्फटिकांची कातडी घट्ट असते, तिच्याखालचा गिलावा तुलनेने भुसभुशीत. ओढ बसली की फाट नेमकी या दोहोंच्या सीमेवर पडते. कारागीर कडा कापून घेतो आणि खालच्या टोकापासून, पात्याने किंचित मदत करत, कापड सोलत वर नेतो. भिंतीपासून सुटते ती रंगाची कागदासारखी पातळ पापडी, कापडाच्या आतल्या बाजूला उलटी चिकटलेली.

मग त्याची गुंडाळी करून खेचरांवर लादली जायची आणि डोंगराबाहेर नेली जायची. बार्सेलोनात काम उलट्या बाजूने सुरू व्हायचं. गुंडाळी उघडून चित्र उपडं टाकायचं, मागे राहिलेला चुना घासून पातळ करायचा. मग त्या मागच्या बाजूला नवं कापड चिकटवायचं, पण या वेळी सरसाने नाही. दुधातलं केसीन आणि चुना यांचं मिश्रण वापरायचं. सगळी युक्ती इथे आहे. हे मिश्रण एकदा धरलं की पाण्याने सुटत नाही. सरस मात्र गरम पाण्यात विरघळतो. म्हणून मागचं कापड पक्कं झालं की पुढचं कापड गरम पाण्याने भिजवून काढून टाकायचं. चित्र पुन्हा सुलट होतं, फक्त आता त्याच्यामागे भिंतीऐवजी कापड असतं. एकच गोंद दोन्ही बाजूंना वापरला असता तर पुढचं सोडवताना मागचंही सुटलं असतं.

शेवटी कोनाड्याच्या वळणाची लाकडी चौकट करून हे कापड तिच्यावर ताणून बसवलं गेलं. सान्त क्लिमेंतच्या कोनाड्याची चौकट सहा मीटरहून थोडी उंच आणि साडेतीन मीटरच्या आसपास रुंद आहे. ही लाकडी चौकट बनवताना संग्रहालयाने एक मोठी गोष्ट ओळखली: वळण गेलं तर चित्र मेलं. मुरचा कोनाडाही बोस्टनमध्ये वळणासकट उभा आहे. 1924 मध्ये सिउतादेला बागेतल्या संग्रहालयात या चित्रांची दालनं खुली झाली. 1934 मध्ये सगळा संग्रह मोन्तज्युइक टेकडीवरच्या राष्ट्रीय राजवाड्यात आला. 1936 मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर कलाकृती ओलोत गावी हलवल्या गेल्या आणि 1937 मध्ये पॅरिसमध्ये कॅटलान मध्ययुगीन कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. ज्यांना चार भिंतींत कैद म्हणावं, ती चित्रं पुढची बरीच वर्षं फिरतच राहिली.

ताउलची चित्रं उतरवली जात होती त्याच सुमारास अशीच कसरत आपल्याकडेही चालू होती. 1920 ते 1922 या दोन वर्षांत निजामाच्या सरकारने अजिंठ्याला लोरेंझो चेक्कोनी आणि त्याचा साथीदार ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं होतं. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी हे काम पाहत होते. तिथे चित्र भिंतीवरच ठेवायचं, असा निर्णय झाला. सुटलेले पापुद्रे धरून ठेवायला द्रव्यं भरली गेली आणि पृष्ठभागावर लाखेचं वॉर्निश चढवलं गेलं. पुढे लाख पिवळी पडली, चित्रं काळसर दिसू लागली आणि नंतरच्या पिढ्यांना ती लाख उतरवत बसावं लागलं. तंत्राचाही फरक आहे. अजिंठ्याचं चित्र मातीच्या गिलाव्यावर, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, चिकट द्रव्यातल्या रंगांनी काढलेलं. तो खरा फ्रेस्को नाही. कढत सरसाचं कापड त्याच्यावर चिकटवलं असतं तर रंगच विरघळण्याचा धोका होता. ताउलची पद्धत अजिंठ्याला लावण्याचा मोह कोणाला पडला नाही, हे बरं झालं.

ताउलमध्ये काय उरलं? कापड ओढल्यावर सगळाच रंग निघत नाही. आखणीच्या लाल रेषा खोल मुरलेल्या असतात, त्या मागे राहतात. काही कोपरे, काही पट्टे उतरवलेच गेले नव्हते. मूळ चित्राची पुसट सावली भिंतीवर होती. पण रिकामा कोनाडा गावाला खुपायचा. 1960 च्या सुमारास त्यावर गिलाव्यात रंगवलेली नक्कल बसवण्यात आली. पुढची पन्नास वर्षं प्रवासी नक्कल पाहून जात. पुष्कळांना ती नक्कल आहे हे कळतही नसावं. 2000 साली युनेस्कोने खोऱ्यातली नऊ रोमनेस्क चर्चं एकत्रपणे जागतिक वारसा यादीत घेतली. सान्त क्लिमेंत आणि सांता मारिया ताउलची, बोईचं सान्त जुआन, एरिल-ला-वालचं सांता एउलालिया, आणि बारुएरा, दुर्रो, कार्देत, कोल इथली. दुर्रोचीच एक छोटी, वेगळी उभी असलेली संत किर्कची देवळी नववी.

2013 मध्ये नक्कल काढून टाकण्यात आली. तिच्यामागे मूळ रंगाचे अवशेष होते, ते साफ करून उघडे केले गेले. मग प्रकाशाने रंगवायची योजना अमलात आली. दिवे मंद होतात, कोनाड्याच्या वळणाशी नेमकं जुळवलेलं चित्र प्रक्षेपकातून भिंतीवर पडतं. आधी उरलेले तुकडे, मग आखणीच्या रेषा, मग रंगाचे सपाट भाग, मग चुण्या आणि अक्षरं, असं बाराव्या शतकातल्या क्रमाने चित्र वाढत जातं आणि अखेर पूर्ण, झडण्याआधीच्या अवस्थेत दिसतं. काही मिनिटांनी प्रकाश विझतो आणि समोर पुन्हा डागाळलेली भिंत. मला हा उपाय नकलेपेक्षा प्रामाणिक वाटतो. नक्कल म्हणत होती, इथे काही गेलेलं नाही. प्रकाश मात्र गेलेलं आणि राहिलेलं वेगवेगळं दाखवतो. शिवाय प्रक्षेपकाच्या प्रकाशाने भिंतीला इजा होत नाही, ही व्यवहाराची बाब आहेच.

चित्रं परत द्यावीत का, हा वाद अधूनमधून होतो. एकदा कापडावर आलेलं चित्र पुन्हा भिंतीवर चिकटवणं म्हणजे त्याला नवा धोका देणं. ताउलमध्ये हिवाळ्यात आर्द्रता आणि थंडी दोन्ही असतात. एकदा सोललेली पापडी दुसऱ्यांदा सोलायची असते तेव्हा ती पहिल्याइतकी सहन करत नाही. पण ‘संग्रहालयातच सुरक्षित’ हे वाक्यही पुरतं खरं नाही. मुरचं चित्र बोस्टनला जाताना कोणी विचारलं नव्हतं, आणि बार्सेलोनाला आणतानाही गावाला फारसं विचारलं नव्हतं. कॅटलान राष्ट्राच्या नावाने जे केलं गेलं, ते त्याच राष्ट्रातल्या एका गावाच्या जिवावर केलं गेलं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

जायचं असेल तर क्रम ठरवा. आधी बार्सेलोनाचं संग्रहालय, मग ताउल. उलटं केलं तर रिकाम्या भिंतीपुढे आपण काय हरवलं हेच कळत नाही आणि प्रकाशाचा खेळ निव्वळ तमाशा वाटतो. संग्रहालयात सान्त क्लिमेंतच्या कोनाड्यापाशी मधोमध उभं राहून आधी पाठ भिंतीला टेकेल एवढं मागे सरका, मग वेदीच्या जागेपर्यंत पुढे या. आकृती कशी झुकते ते यातून कळतं. ताउलमध्ये मनोऱ्यावर चढायला विसरू नका. आणि वाटेत एरिल-ला-वालचं सांता एउलालिया बघा. 1907 च्या मोहिमेला तिथे क्रुसावरून ख्रिस्ताला उतरवतानाची सात लाकडी शिल्पं सापडली होती. सातांपैकी पाच आज विक गावच्या संग्रहालयात आणि दोन बार्सेलोनात आहेत. एरिलमध्ये दिसतात त्या सातही नकला आहेत.